कोसीच्या बाळंतपणाला

७ जानेवारी, एनुगू
कोसीला दिवस गेलेत! चौथा महिना, आणि पोरगी अमेरिकेतून आज फोनवर सांगतेय. आधीची दोन राहिली नाहीत, म्हणून धीर होत नव्हता म्हणे. "मम्मी, तू येशील ना?" येशील ना काय! लेकीच्या ओमुग्वोला, बाळंतिणीच्या सेवेला, आई नाही जाणार तर कोण, पोस्टमन? बाळाची पहिली अंघोळ, तिच्या पोटाला गरम शेक, मिरचीचं झणझणीत सूप — ही माझी कामं. लगेच बाजारात जाऊन सुकी मासळी घेऊन आले.

१९ जानेवारी
व्हिसाचा अर्ज भरला. अमेरिकेतला पत्ता एबेरेचा दिला. कोसी म्हणाली, "ताईच्या नावाने भर, तिचं घर मोठंय." बरं. मोठी लेक आहे ती, तिचा मान.
एक प्रश्न होता — याआधी परवानगीपेक्षा जास्त राहिलात का? 'नाही' लिहिलं. मी कशाला राहीन!

२६ फेब्रुवारी, लागोस
व्हिसा नाकारला.
खिडकीपलीकडचा साहेब माझ्या भाच्याच्या वयाचा. "मॅडम, चार वर्षांपूर्वी तुम्ही दहा महिने राहिलात. परवानगी सहाच महिन्यांची होती." मी म्हटलं, व्हिसावर दोन वर्षांची तारीख होती की! "ती तिथे येण्यासाठीची. राहायची मुदत विमानतळावर देतात." वर माझं ते 'नाही' दाखवलं. एबेरेचं बाळ वेळेआधी झालं होतं, काचेच्या पेटीत होतं, त्याला टाकून कशी येणार — सांगायला तोंड उघडलं, तोवर पासपोर्ट हातात. मागचा माणूस पुढे आलासुद्धा.

१ मार्च
तेव्हा परत आल्यावर चर्चमध्ये आभाराची प्रार्थना ठेवली होती मी. लेकीने दहा महिने ठेवून घेतलं म्हणून! भात-मटण, बायकांच्या मंडळाचा नाच. मंडळातली उगोची आई जळून खाक झाली होती. तिला सुनेने दोन महिन्यांत वाटेला लावलेलं. आज तीच आली. "काय गं, तू तर तिथली राणी होतीस ना? मग आता काय झालं?"
चहा दिला. साखर घातली नाही.

९ मार्च
वकील म्हणाला, "आता कधीही अर्ज करा, हे वर येणारच. आणि ते 'नाही' जास्त नडेल." मला माहीतच नव्हतं हो! "हे त्यांना कसं पटवणार?" त्याच्यासमोरच रडू आलं, लाज वाटली.

१७ मार्च
कोसीचे पाय सुजलेत. जावई ट्रकवर, आठ-आठ दिवस घरी नसतो. त्याची आई कधीच वारली. एबेरे देशाच्या दुसऱ्या टोकाला, नोकरी आणि पोरं सांभाळतेय. एकटी आहे माझी पोर. आणि मी इथे बसून मासळीला ऊन दाखवतेय. काहीच करता येत नाही मला, काहीच!

२ एप्रिल
भांडले. मी म्हटलं, मग तूच ये. इथे बाळंत हो, अजून विमानात बसता येईल. "मम्मी, काम आहे." काम! मागच्या वर्षी तुझे वडील गेले तेव्हाही कामच होतं. आठवडेच्या आठवडे त्यांना शवागारात ठेवून तुझी वाट बघितली. एबेरे आली. सगळं गाव विचारत होतं, धाकटी कुठाय? बोलून टाकलं — बापाला माती द्यायला आली नाहीस, आता निदान स्वतःसाठी तरी ये! फोन बंद.
बोलले ते जास्त झालं. पण खरंच होतं.

४ एप्रिल
कोसीचा फोन. तीन वर्षांपूर्वी ताईकडे फिरायला म्हणून गेली, तो व्हिसा — त्यानंतर कागद झालेच नाहीत तिचे. नोकरीचे कागद झाले म्हणाली होती, ते खोटं. मुदत कधीच उलटून गेलीय. "पप्पांसाठी आले असते गं. पण एकदा बाहेर पडले की दहा वर्षं परत घेत नाहीत. नवरा इथे, मी तिथे." मग खूप वेळ नुसतं रडणं. मग — "तू म्हणत असशील तर येते, मम्मी."
मी म्हटलं, येऊ नकोस.