तांदळाच्या डब्यातले चिकू

१२ जानेवारी
पनवेलजवळ बाईक घसरली. पायाला टाके. दिवा गावात, घरी येऊन पडलोय. डॉक्टर म्हणे, जखम भरेपर्यंत फिरायचं नाही, उसवली तर चिघळेल. पण मित्राचा टेम्पो रविवारी गोव्याला निघतोय — मी जाणारच!

१३ जानेवारी
मृणालने कॉलेजच्या प्रोजेक्टचे चिकू माझ्या उशाशी आणून ठेवले. कडक. प्रत्येकाला खिळ्याचा ओरखडा. अर्धे हार्मोनच्या पाण्यात बुडवलेले, त्यांना लाल टिकली. बाकीचे साध्या पाण्यातले. "दादा, जखम भरेपर्यंत रोज फोटो काढ. तू पळालास तर माझं वर्ष गेलं!"
तोडलेलं फळ कसली जखम भरणार? तर म्हणे, तोडलं तरी जिवंत असतं, श्वास घेतं. हार्मोन आतून सांगतो, इथे कापलंय, झाका. मग तिथे बुचासारखा पापुद्रा धरतो.
भारी आहे यार. रविवार जाऊ दे, पुढची खेप पकडू.

१६ जानेवारी
टिकलीवाल्यांवर खपली! बाकीचे अजून ओलेच. वाईट वाटलं, त्यांनाही टिकल्या लावणार होतो. मृणाल ओरडली, "येडा आहेस का? प्रयोग आहे हा!"

१८ जानेवारी
लंगडत कोपऱ्यावर गेलेलो, फक्त चार्जर आणायला. तिथे बोअरवेल खोदत होते, बघत बसलो. परत येतो तर चिकू गायब! आईने तांदळाच्या डब्यात पुरलेले. "कडक होते रे बाळा, पिकायला टाकले."
मृणालने कपाळावर हात मारला. फळं स्वतःच गॅस सोडतात, डब्यात तो कोंडतो, भराभर पिकवतो. तोही हार्मोनच! आणि मऊ पडलेलं फळ जखम भरत नाही, सडतं.
नवे चिकू. पुन्हा पहिल्यापासून. आईला इतकं बोललो, तर ती हसतेय!

२७ जानेवारी
टाके निघाले. दवाखान्याबाहेर संचिता भेटली, मृणालची वर्गमैत्रीण. चिकूंचं कौतुक सांगायला लागलो तर म्हणते, "तो प्रोजेक्ट? डिसेंबरातच दिला की आम्ही!" मग जीभ चावली. खोदून विचारल्यावर बोलली — "डब्याचं पण काकूंना मृणालनेच सुचवलं. पाय भरेपर्यंत तू घरी टिकावास म्हणून."
घरी दोघी चहा पीत बसलेल्या. "फोटो काढलास का रे?"
म्हटलं, काढतो.

२९ जानेवारी
पाय बरा. टेम्पो उद्या निघतोय. दोघी बाजारात गेल्यात. सगळे चिकू मीच तांदळात पुरले.
आता नवे चिकू. पुन्हा पहिल्यापासून!