साखरपुड्यातली खुर्ची

नाशिक रोड,
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय धम्मपालदादा,

सप्रेम जयभीम. आम्ही मायलेकी बऱ्या आहोत, मनमाडला तुम्हीही बरे असाल असं धरून चालते. फोन केला की कापतोस, म्हणून पत्र. फाडलंस तरी आधी वाचशील, एवढं मी तुला ओळखते.

इकडे थंडी पडायला लागली. मेथी स्वस्त झाली. दिशाच्या बँकेत नवे साहेब आलेत. आणि हो, तिचा साखरपुडा मोडला. अंजलीनं तोंड उघडलं म्हणून मोडला, असंच तुझ्या कानावर आलं असेल. खरंच आहे ते, उघडलं मी तोंड. पण सगळं ऐक.

तू बजावलं होतंस, "खुर्ची मागू नको. सगळ्यांसारखी खाली बस. घरात साखर हाय, गुडघे गेलेत, हे कळलं तर पोरीला कोण करून घेईल?" बसले बाबा खाली. दुखण्याची गोळी खाऊन बसले. वंदना सुरू झाली, पंचशील आलं आणि 'मुसावादा वेरमणी' म्हणताना माझी मलाच लाज वाटली. खोटं बोलणार नाही असं तोंडानं म्हणायचं आणि खोटीच मांडी घालून बसायचं!

वंदना संपली, सगळे उठले, मला उठता येईना. नवऱ्या मुलाच्या, हर्षलच्या आई सुवर्णाताई हात द्यायला आल्या. म्हणाल्या, "मुंग्या आल्या का हो पायाला?" सबब त्यांनीच हातात आणून दिली होती. मी म्हटलं, "मुंग्या नाहीत, गुडघे गेलेत. मला साखर आहे, माझ्या आईला होती, मावशीलाही होती. मला खुर्ची द्या."

खुर्ची आली. पाठोपाठ हर्षलचे काका आले. "आधी मुलीचं रक्त तपासून आणा, मग तारखेचं बघू." माझं डोकंच फिरलं. पत्रिका बघत नाही म्हणून आपण चारचौघांत मिरवतो, मग ही रक्ताची कुंडली कुठून काढली? तोंडावर विचारलं मी. हर्षल मोबाईलमध्ये डोकं घालून बसला. दिशानं ते बघितलं, आत गेली, सुवर्णाताईंनी नेसवलेली साडी बदलली आणि नीट घडी करून त्यांच्या हातात दिली.

आता आईचं. एकलहऱ्याला पॉवर हाऊसच्या बांधकामावर पाट्या वाहिल्या म्हणून आईचे गुडघे गेले, असं तू अजून सांगतोस. मग सगुणामावशीचे कशानं गेले? ती तर बालवाडीत शिकवायची. हाडांच्या डॉक्टरीणबाईंना मी हेच विचारलं. त्या म्हणाल्या, साखर वाढण्याचा कल काहींना जन्मतःच मिळतो, आणि अशांमध्ये सांध्यांचे आजारही जास्त दिसतात, असं संशोधनात पुढे येतंय. मी म्हटलं, "म्हणजे नशीबच की!" "छे हो! लवकर कळलं तर साखर आवरता येते. लपवून ठेवल्यावर काय आवरणार?" आपण पाटीला दोष देत बसलो, दादा, आणि साखर मोकळी सुटली.

दिशा दोन दिवस रडली. मीही रडले. मग एका सकाळी आपली आपण जाऊन रक्त तपासायला देऊन आली. त्या काकांसाठी नाही, स्वतःसाठी. साखर काठावर आहे. आता रोज चालायला जाते, चहा बिनसाखरेचा पिते आणि कोणी विचारलं तर का ते सांगते. काल मला म्हणाली, "आई, मामाची किती आहे गं?"

काय सांगू तिला?

साखरपुड्याच्या दिवशी ड्युटी आहे म्हणालास, ती नव्हतीच. राखीवहिनींनी सांगितलं, त्यांच्यावर चिडू नको. खाली बसावं लागेल म्हणून तू आला नाहीस. साखरेच्या गोळ्या चहाच्या डब्यामागे लपवतोस आणि आठवण झाली तर घेतोस. आई शेवटी खाटेवरून उठत नव्हती, तेव्हा तिला उचलून घेणारा तूच होतास ना रे? मला तुझी भीती वाटते.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघी येतोय. उपाशीपोटी थांब, रक्त द्यायला जायचं आहे. आणि दारात खुर्ची काढून ठेव. नाही ठेवलीस तर सगळ्या कॉलनीसमोर मी तुझ्या अंगणात मांडी घालून बसेन. मग मला उठवायला तुलाच वाकावं लागेल.

तुझ्याच रक्ताची,
अंजली