अभ्याचं काजळ

शनिवार, २४ जानेवारी १९९८

आज अभ्याच्या कॉलेजचं गॅदरिंग. धाकट्या भावाचं गाणं म्हणून आम्ही सगळे गेलतो. स्टेजवर आला तो माझा फुलाफुलांचा गाऊन घालून, गळ्यात गिटार, डोळ्यांत माझंच काजळ! केबलवर ते परदेशी रॉकवाले येतात ना, तसा. मला वाटलं, आता पोरं चपला फेकणार. पण सगळा हॉल उभा राहून शिट्ट्या मारायला लागला. आण्णा शेजारच्या माणसाला सांगत होते, "आमचं पोरगं हाय ते. डेरिंग बघा की!"

डेरिंग म्हणे. दिवाळीनंतर मी केस बारीक कापले, अभ्याचा चेक्सचा शर्ट घातला, तर याच आण्णांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. आई रडली, "पावण्यांस्नी काय दाखवू आता?" त्या रॉकवाल्यांच्या कॅसेटी घरात मी आणलेल्या. गिटार त्याला मी शिकवली. मग टाळ्या त्यालाच का?

आणि काजळ त्याला शोभत होतं. माझ्यापेक्षा जास्त. हेच फार टोचतंय.

जेवताना अभ्या म्हणाला, "आक्का, पुढच्या वेळी तू वाजव की. तुला माझ्यापेक्षा चांगलं येतंय."

आण्णा हसले. "तिचं लग्न करायचं हाय आता."

अभ्या खाली मान घालून जेवायला लागला. एवढ्या हॉलपुढं गाऊन घालून उभा राहिलेला, आण्णांपुढं गप्प! मग मीच म्हणाले, "वाजवणार मी."

आण्णा ताटावरून उठले. आईनं न विचारता माझ्या ताटात अजून एक भाकरी वाढली.