दिवसा न उघडणाऱ्या गोष्टी

तीर्थरूप मामांना, मोखोत्लोंगहून भाची केनेइलोएचा वाकून नमस्कार आणि खोत्सो, शांती असो.

तुमची छाती कशी आहे? (सीमेपलीकडून, तुमच्या वेल्कमच्या खाणींवरून येणारा प्रत्येक जण तुमच्या खोकल्याची निराळी बातमी आणतो. एकाने तर तुम्ही दुसरं लग्न केल्याचंही सांगितलं. खोकल्याचं तेवढं कळवा.) इकडे सगळे बरे आहोत. आईचे गुडघे गेले, जीभ शाबूत आहे. माझ्या लग्नात मामाच्या मानाची म्हणून पाठवलेली आणि लंगडी म्हणून तुम्ही रागाने परत धाडलेली गायही मजेत आहे. तिला आता नातवंडं झाली.

पत्रास कारण असं, की कला-संस्कृतीला संगणकाची जोड देणाऱ्या संस्थांना अनुदान मिळणार असं सरकारने जाहीर केलं, आणि मी लगेच संस्था काढली. नाव ‘सांजवेळ’. संस्थेत मी, राजधानीत, मासेरूला संगणक शिकून आलेली माझी नणंद पालेसा, आणि शेजारून मागून आणलेली एक खुर्ची. आईच्या गोष्टी तिच्याच आवाजात घ्यायच्या आणि फोनवरच्या अ‍ॅपमध्ये घालायच्या, म्हणजे ज्यांचे आईबाप सीमेपलीकडे कामाला आहेत त्या पोरांना रात्री त्या ऐकता येतील, असं ठरलं. पहिला हप्ता आलासुद्धा. आईची अट एकच, गोष्ट दिवसा नाही. दिवसा गोष्ट ऐकली की डोक्याला शिंग फुटतं हे तुम्हाला माहीतच आहे. यंत्रातून ऐकली तर दोन फुटतील, असा तिचा निकाल. तेव्हा पालेसाने अ‍ॅपला सूर्यास्तापर्यंत कुलूप घातलं. मध्येच कोणी उघडलं तर आईचा आवाज येतो, “सूर्य दिसत नाही का? कामाला लाग.”

आता सरकारी तपासणी कधी होते? दिवसाच. ऐन सकाळी राजधानीतून त्लाली नावाचे साहेब आले, गावच्या मुखियासमोर त्यांनी फोन उघडला, आणि भर सभेत त्यांना कामाला लागायला सांगण्यात आलं. गाव हसलं. साहेब हसले नाहीत. अ‍ॅप चालतं हे मला लिहायचंय, ते चालवून दाखवा, म्हणाले. पालेसा म्हणाली, कुलूप घटकाभर काढते. साहेब परदेशात शिकलेले, या काळात असल्या समजुती बऱ्या नव्हेत असं ते बोललेही, पण बोलता बोलता त्यांचा हात कपाळावर गेला. (शिंग आलंच तर झाकायला केस नव्हते.) मग म्हणाले, राहू दे, थांबतो मी. आमच्याकडची मक्याच्या पिठाची घट्ट पापा आणि पालेभाजी दोनदा मागून खाल्ली आणि आईच्या भिंतीला टेकून डुलकीही काढली.

सूर्य डोंगराआड गेल्यावर आई घोंगडी ओढून बसली आणि तिने स्वतःच गोष्ट धरली, धाकट्या भावाला डोहातल्या सापाने नेलं म्हणून पाण्यात उतरणाऱ्या मुलीची. साहेबांच्या हातातला चहा निवला. मुलगी तळाशी पोचली, सापाने डोळे उघडले, आणि आई थांबली. पुढे काय, साहेबांनी विचारलं. आई म्हणाली, “लहानपणी ऐकताना इथं मला झोप लागायची. पुढचं माझ्या भावाला, टेकोला माहीत.”

मामा, तिच्या सगळ्या गोष्टी अशाच आहेत. लहानपणी मी तिच्याही आधी झोपायची, त्यामुळे मला कधी पत्ताच लागला नाही. पालेसाला ती नवी पद्धत वाटली. अर्जात तिने ‘श्रोत्याला शेवट सुचवण्याची सोय’ असं लिहूनही टाकलं होतं. साहेबांनी शेरा मारला, गोष्टी अपूर्ण, शेवट जोडल्याखेरीज उरलेला हप्ता देऊ नये. त्यांचं काही चुकलं नाही. पण हप्ता नाही तर काम बंद, आणि आईचं वय तुम्ही जाणता. मी तिला म्हटलं, शेवट तूच रच. ती म्हणाली, “भावाच्या वाटणीचं मी कशाला सांगू?” एका घोंगडीखाली दोघांनी ऐकलेल्या गोष्टी, अर्ध्या इकडे आणि अर्ध्या तिकडे, आणि मध्ये एक गाय. मला फार वाईट वाटलं.

मामींना नमस्कार. थंडीत छाती झाका.

तुमची,
केनेइलोए

ता. क. फोनवरून शेवट सांगितलेत तर पालेसा उतरवून घेईल. सूर्यास्तानंतरच करा.

ता. क. साहेबांचा फोन दोनदा येऊन गेला. अहवालाचं काही बोलले नाहीत. मुलगी वर आली का, एवढंच विचारत होते.

ता. क. या पत्राचं आईला ठाऊक नाही.

ता. क. वरचं खोडायला हवं. आई मागे येऊन उभी होती आणि तिने सगळं मोठ्याने वाचायला लावलं. ती म्हणते, फोनबिन काही नको, त्याला इकडे येऊन सांगू दे. त्या गायीची नात चारी पायांनी नीट चालते, पण ती पाठवायची नाही, न्यायला यायचं. आणि त्याला लिही, म्हणाली, या वेळी मी झोपणार नाही.