मिठाच्या नळ्या

नाना, आज एम.एस्सी.च्या मुलींनी आपला मिठाचा प्रयोग केला. पाण्यात मोनोमर म्हणजे सुटे रेणू, थोडा गुलाबी डाय म्हणजे रंग, आणि त्याला मदत करणारं अमाइन असतं. हिरवा उजेड पडला की डाय तो शोषून घेतो, रेणूंच्या साखळ्या जुळू लागतात आणि पाण्याचा जेल होतो. त्यात मीठ घातलं तर वेग बदलतो, कसा ते मिठावर अवलंबून. एक मुलगी म्हणाली, "मैम, आयोडाइड वाली तो अब भी पानी है." मी तिला कारण सांगितलं, की डायने घेतलेला प्रकाश कामाला यायच्या आधीच आयोडाइडचं मीठ तो विझवून टाकतं. सांगताना तुमची फार आठवण आली, म्हणून घरी आल्यावर लिहायला बसले.

तुमची नजर गेली तेव्हा रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त होऊन तुम्हाला थोडीच वर्षं झाली होती. मानिक चौकात कुणीतरी दंडाला धरून तुम्हाला रस्ता पार करून दिला, आणि त्या दिवसापासून तुम्ही घराबाहेर पडणंच बंद केलंत. प्रेम नगरच्या घरात खाटेवर बसून रेडिओ ऐकायचात, तोही अगदी हळू. आई जेवायला बोलवायची तर भूक नाही म्हणायचात. मला समजावता येत नव्हतं, मीही तुमच्यासारखीच कमी बोलणारी. एका रविवारी मी म्हटलं की या डायवर उजेड पडून चालत नाही आणि अंधारात मला काम जमत नाही, तुम्ही लॅबमध्ये येता का. तुम्ही म्हणालात, "माझे बूट कुठे आहेत?"

अजून डोळ्यांसमोर येतं, लॅबमध्ये तुम्ही स्टुलावर बसला आहात. हिरव्या दिव्याच्या पेटीतून झाकण लावलेली काचेची नळी काढून मी तुमच्या हातात देते, तुम्ही ती आडवी करता, बोटांनी अंदाज घेता. "ही वाहतेय. ही थिजली." साधं मीठ घातलेली बहुधा बिनमिठाच्या आधी थिजते, तेव्हा तुम्ही विचारता की रोजच्या मिठासाठी एवढं शिकावं लागलं का तुला. लॅबमधला भैया दारातून म्हणायचा, "अंकल जी, आज भी ड्यूटी?" तुम्ही म्हणायचात, "इंस्पेक्शन है भैया. आपका भी होगा." रिक्षातून उतरल्यावर माझा दंड तुम्ही धरायचात, मी तुमचा धरलेला तुम्हाला चालत नसे. आणि एके दिवशी आपण होऊन म्हणालात की रिक्षा मानिक चौकातून घ्यायला सांग, आईसाठी जिलबी घेऊ. दुकानासमोर तुम्ही माझ्या आधी उतरलात.

तुम्ही गेल्यावर हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहिते. त्या खोलीत पूर्ण अंधार कधीच नव्हता. लाल उजेडाने या डायला काही होत नाही, त्यामुळे माझ्या टेबलावर एक लाल बल्ब कायम लावलेला असायचा. नळी थिजली की नाही ते मलाही दिसत होतं. पण मी बहुतेक वेळ तुमच्याकडेच बघत असायचे.