गवताचा धोंडीबा

८ एप्रिल १८८१, शुक्रवार. कल्याण.

आज तिसरी लष्करी गाडी. इंजिन पाणी घेईपर्यंत वीस मिनिटं थांबली. मी तिकिटाची खिडकी लावून सगळे डबे दोनदा पालथे घातले – म्हणजे बाहेरूनच, एकेकाचं तोंड बघत. दाढ्या वाढलेल्या, ओठ फुटलेले, निम्मे झोपलेले. स्टेशनमास्तरांनी हटकलं, "परशुराम, कोणी येणार आहे का तुमचं?" नाही म्हटलं.

खरंच नाही. माझा लहानपणचा जोडीदार धोंडीबा डोलीवाला म्हणून काबूलच्या लढाईवर गेला, जखमी शिपाई खांद्यावर वाहिले, आणि गेल्या श्रावणात तिकडेच मेला. प्रेत नाही म्हणून त्याच्या चुलत्याने, काळुरामकाकाने, गवताचा माणूस केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला, खाडीवर नेऊन अग्नी दिला. मी तिथे उभा होतो. मग जाळलेल्या माणसाला मी गाडीत का शोधतो? डोकं ठिकाणावर नाही, दुसरं काय!

१० एप्रिल, रविवार. मानपाडा.

गावी आलो. पाटाचा दिवस ठरला – तेवीस तारीख, शनिवार. वद्य पक्ष, दिवस मावळल्यावर, वाजंत्रीशिवाय. विधवेच्या दुसऱ्या लग्नाची आमच्यात हीच रीत. धोंडीबाची बायजा आता माझी होणार. माझी पहिली पटकीने गेली त्याला तीन वर्षं झाली. गाव म्हणतं, दोघांचंही बरं झालं.

आवडाकाकूने, धोंडीबाच्या आईने, जेवायला बोलावलं. तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण. समोर बसून वारा घालत होती. "परशा, तू नेतोस म्हनून जीव थाऱ्यावर हाय. नायतर परक्या गावाला गेली असती पोर."

बायजा मागच्या दारी भात कांडत होती. वर बघितलं नाही. मला ती आवडते. आजची गोष्ट नव्हे – धोंडीबा होता तेव्हाही आवडायची. इथे लिहायला काय हरकत आहे! मानपाड्यात वाचता येणारा मी एकटाच.

११ एप्रिल.

गाडी नाही. एकाला ठाण्याऐवजी मुंबईचं तिकीट दिलं, शिव्या खाल्ल्या.

१३ एप्रिल, बुधवार.

आडून आडून लिहिण्यात अर्थ नाही. धोंडीबा मेला हे गावाला सांगितलं कोणी? मी! भाद्रपदात एक आजारी शिपाई इथे उतरला होता. डोलीवाल्यांचं काय झालं, असं त्याला विचारलं. "डोल्या टाकून पळाले, वाटेत कापले गेले. त्यांना कोण मोजतो?" एवढंच तो बोलला. धोंडीबाचं नाव मी घेतलंच नव्हतं. तसाच मानपाड्याला गेलो आणि सांगितलं – धोंडीबा गेला.

कोणी उलट विचारलं नाही. शिकलेला माणूस, स्टेशनात तारा येतात, याला नाही कळणार तर कोणाला? पितृपक्ष तोंडावर आलेला, जीव ताटकळत राहायला नको म्हणून चार दिवसांत गवत आणलं.

मी आणखी कोणाला विचारलं का? नाही. मला विचारायचंच नव्हतं.

१५ एप्रिल, शुक्रवार.

चौथी गाडी, आणि तीत डोलीवाले. या वेळी नाव घेऊन विचारलं. एक म्हातारा म्हणाला, "मानपाड्याचा धोंडीबा? कपाळावर वण असलेला? कंदाहारच्या दवाखान्यात होता की. बर्फाने पाय सडला, गुडघ्याखाली कापला. आता बरा आहे. कराचीहून आमच्या मागच्या आगबोटीने निघणार होता."

पहिला विचार आनंदाचा नव्हता. हे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मला नाही म्हणता येणार नाही.

१७ एप्रिल, रविवार.

गावी गेलो नाही. पोट बिघडलंय असा निरोप धाडला. खरं म्हणजे पोट बरं आहे, बाकीचा मी बिघडलोय.

१९ एप्रिल, मंगळवार.

आला. आजाऱ्यांच्या डब्यात, कुबडी मांडीवर आडवी. मला बघून तोच आधी हसला. "परशा! टोपी घातलीस की रे. सायेब झालास." हात किती बारीक झालेत त्याचे. मी धरले तर सोडवेनात.

"आई?"

"बरी आहे."

"बायजा?"

काय सांगणार! गवताच्या माणसापासून सुरुवात केली. तो ऐकत राहिला. "नारल कवडा ठेवलाव?" म्हणाला आणि पोट धरून हसला. मग मी म्हटलं, "शनिवारी तिचा पाट आहे."

"कुनाशी?"

मी टोपी काढून हातात घेतली. त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याचं हसू गेलं. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "मानूस बरा बघितलाव. मना एकदा जाललंय ना? ऱ्हाऊ दे मग. लंगडा नवरा कशाला पायजे तिला." मग पाणी मागितलं. मी आणून दिलं. पुण्यात वानवडीच्या लष्करी दवाखान्यात महिनाभर ठेवणार आहेत, एवढं सांगितलंन.

गार्डाने शिट्टी दिली. मी त्याला उतर म्हणालो नाही. एकदाही नाही. गाडी गेली, आणि मी खिडकी उघडून तिकिटं द्यायला बसलो.

२० एप्रिल.

कोणाला कळणार नाही. तो सांगणार नाही, मी सांगणार नाही. इतकं सोपं आहे!

२१ एप्रिल, गुरुवार. मानपाडा.

रजा घेऊन गेलो आणि सगळं सांगितलं. शिपायाचंही. आवडाकाकू आधी रडली, मग मला मारलं. दोन्ही हातांनी. मारू दिलं.

काळुरामकाका म्हणाला, "अग्नी दिलेला मानूस उंबरा कसा वलांडील? गावावर काय येल मग? तो बोल्लाय ना ऱ्हाऊ दे, तर ऱ्हाऊ दे. पाट ठरलाय तसा व्हईल." जमलेल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. माझी मान हलली नाही, पण तोंडही उघडलं नाही.

बायजाने एकच विचारलं, "पुन्यात कंय?" मी वानवडी सांगितलं. ती परत भात कांडायला गेली. मुसळाचा आवाज ऐकत मी ओट्यावर बसून राहिलो. तिने नाही म्हटलं नाही. लाज वाटते लिहायला, पण त्या आवाजाने मला धीर येत होता.

२३ एप्रिल, शनिवार. कल्याण.

सकाळी तिकिटाच्या खिडकीत बायजा. एकटीच, काखेत भाकऱ्यांचं गाठोडं. म्हणाली, पुण्याचं तिकीट द्या.

"एकच?" मी विचारलं.

"जाताना एकच."