बिनशिशाचा टाका

४ नोव्हेंबर, मंगळवार

घ्या! आता शिसंही वाईट झालं. बोरगावच्या कंपनीचा माणूस, श्रीधर, आज दुकानात येऊन सांगून गेला — सौर कंदिलाचे बोर्ड बाहेरदेशी जाणार, तिथल्या कायद्यात शिसं बसत नाही. म्हणून टाका मारायच्या, सोल्डरच्या जुन्या शिशाच्या तारेला हात लावायचा नाही. नवी तार बिनशिशाची. तिचं रीळ त्यानं असं धरलं होतं, जसा काही देवळातला अंगारा!

शिसं वाईट! पांढुर्ण्यातले अर्धे रेडिओ माझ्या शिशावर बोलले, गायले. मी पुस्तकं वाचून, बोटं भाजून शिकलो. हा पोट्टा पाच मिनिटांत अक्कल शिकवून गेला. आणि चहा मागितला तोही बिनसाखरेचा.

पुष्पा मात्र वहीत सगळं उतरवून घेत होती. दुकानाची पुढची अर्धी जागा तिला दिली त्याला दोन वर्षं झाली. टाका मारायला मीच शिकवलं. आता सावरगावच्या चार बाया तिच्या हाताखाली. श्रीधरनं दोनशे बोर्डांचं सामान दिलं, वर बिघडतील म्हणून चाळीसांचं जास्तीचं. हे दोनशे बोर्ड पास झाले तर वर्षभराचं काम. नाही तर पाचही जणी परत संत्र्याच्या पेट्या भरायला.

६ नोव्हेंबर

नवी तार लवकर वितळतच नाही. सोल्डरिंगच्या आयर्नचं टोक दोन दिवसांत खाऊन टाकलं. धूर मात्र तेवढाच! कायदा करणाऱ्यानं आयर्न कधी हातात धरलं असेल असं वाटत नाही.

७ नोव्हेंबर

भिंग लावून पाहिलं. पुष्पाचे टाके मळकट, खरबरीत — तापातून उठलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखे. पक्का टाका चकाकतो. चकाकला नाही म्हणजे कच्चा, महिनाभरात सुटणार. जन्मभर हेच पाहत आलो. तिला तसं सांगितलं. ती म्हणे, या तारेचा पक्का टाकाही असाच दिसतो, श्रीधरनं दाखवला. वरून — "काका, टाका बराबर आहे. तुम्ही चष्मा पुसा."

बाया हसल्या. मीही हसलो. पण उद्या कंदील बंद पडले तर नाव पोट्टीचं जाईल, श्रीधरचं नाही!

१० नोव्हेंबर

दुपारी बाया जेवायला पुलापलीकडे, सावरगावला घरी जातात, पुष्पाही जाते. तेवढ्यात माझी जुनी तार काढली. जे बोर्ड फारच मळकट दिसले ते नऊ उचलले, एकेका टाक्यावर थोडं थोडं शिसं दिलं. आरशासारखे झाले! परत गठ्ठ्यात ठेवून दिले. कोणाला कळून राहिलं!

१३ नोव्हेंबर

मधल्या दोन दिवसांत दहा, आज बारा. एकतीस झाले. बस.

पाठ लय दुखते, पण समाधान आहे. कायदा राहो कायद्याच्या जागी. माझी पोट्टी तोंडघशी पडणार नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

पुष्पा सकाळीच दुकानाची किल्ली घेऊन गेली. साफसफाई करायची म्हणे. रविवारी!

१८ नोव्हेंबर

श्रीधर परवा माल तपासायला येणार. मला वाटलं, दोन-चार बोर्ड उलटसुलट करून पाहील. तर म्हणे यंत्र आणणार, एकेक बोर्ड तपासणार. एकातही शिसं निघालं तर अख्खा माल परत आणि काम बंद.

जेवण गेलं नाही. पुष्पाला सांगून टाकावं म्हणून दोनदा तिच्या टेबलापर्यंत गेलो. दोन्ही वेळा तिनंच विचारलं, "काका, चहा पाहिजे काय?" दोन्ही वेळा चहा पिऊन परत आलो.

२० नोव्हेंबर

आला. पिस्तुलासारखं यंत्र — बोर्डावर टेकवायचं अन् आकडा वाचायचा. मी कोपऱ्यात कोणाचा तरी मिक्सर उघडून बसलो आणि स्क्रू उलटेच फिरवत राहिलो. पन्नास झाले. शंभर. दीडशे. पुष्पा शांतपणे एकेक बोर्ड त्याच्या हातात देऊन राहिली.

दोनशेच्या दोनशे पास!

म्हणजे एकतीस बोर्डांवर माझं शिसं, आणि त्या पिस्तुलाला वाससुद्धा नाही! इतका हसलो की ठसका लागला. हाच तो कायदा, हीच ती तपासणी! जत्रेतल्या खेळण्याच्या दुकानातून उचललं असेल. श्रीधर जाता जाता म्हणाला, "काकाजी, आता तरी पटलं ना?" म्हटलं, पूर्ण पटलं बाप्पा! पुष्पा खाली मान घालून खोके बांधत होती. बायांनी पेढे वाटले. मी दोन घेतले — एक आपल्या कामगिरीचा.

२१ नोव्हेंबर

अजून हसू येऊन राहिलं. यंत्र म्हणे!

२४ नोव्हेंबर, सोमवार

पुष्पा पुढचा माल आणायला बोरगावला गेली. टाक्याला लावायच्या राळेची डबी शोधता शोधता तिच्या टेबलाखालचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला. आत बोर्ड. चकचकीत. मोजले — एकतीस. म्हणजे रविवारची साफसफाई ती ही.

वर तिच्या अक्षरात चिठ्ठी : काकांचे. पाठवायचे नाहीत. फेकायचे नाहीत.